थुकरटवाडीचा प्रेक्षक

गंगापूर तालुक्यातले माझे एक मामा माळकरी आहेत. एकादशी चुकवत नाहीत, गावच्या सप्त्यात वीणा घेऊन उभे राहतात, आणि मत कुणाला द्यायचे याबद्दल गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांच्या मनात कधी गोंधळ झालेला नाही. वर्तमानपत्रातले व्यंगचित्र दिसले की ते पान उलटतात. हेच मामा रात्री जेवण झाले की भिंतीला टेकून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ पाहतात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. सोबत सून असते, नातवंडे असतात. एकदा मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी वाहिनीवरच्या एका स्किटमध्ये कीर्तनकाराचे पात्र आले. पहिली दोन मिनिटे मामा हसले. कीर्तनकाराच्या बोलण्यातली ठेच त्यांनी स्वतः पुन्हा करून दाखवली. मग त्या पात्राच्या गळ्यातली माळ ओढण्याचा एक प्रसंग आला. मामांनी रिमोट उचलला आणि काही न बोलता बातम्या लावल्या.

या निबंधाची सुरुवात त्या रिमोटपासून झाली. कीर्तनकाराची थट्टा चालली आणि माळेची चालली नाही. या दोहोंमधली रेष नेमकी कुठे आहे, आणि टीव्हीवर स्किट लिहिणाऱ्यांना ती कशी काय ठाऊक असते, हा माझा प्रश्न होता.

आपल्या साहित्यव्यवहारात एक समजूत पक्की बसलेली आहे. विनोद मुळातच सत्तेच्या विरोधात असतो, म्हणून परंपरा मानणाऱ्याला तो पचत नाही. चर्चासत्रांत हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी इतक्यांदा ऐकले आहे की ते खरे आहे का, हे तपासायचे कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत निदान ते तपासायचे प्रयत्न झाले. डॅनागल यंग या संवादशास्त्राच्या अभ्यासक बाईंचे ‘आयर्नी अँड आउटरेज’ हे पुस्तक २०२० साली आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : उपरोध समजायला संदिग्धता सोसावी लागते, बोललेले आणि अभिप्रेत असलेले यांतले अंतर स्वतः भरून काढावे लागते. उदारमतवादी मनाला ते आवडते. परंपरानिष्ठ मनाला धोका लवकर जाणवतो, त्याला स्पष्ट बोललेले हवे असते, म्हणून ते उपरोधाकडे न जाता संतापाच्या कार्यक्रमांकडे जाते. त्याआधी २००९ साली ओहायोतल्या तीन अभ्यासकांनी स्टीफन कोल्बेअरच्या कार्यक्रमाची पाहणी केली होती. उजव्या मताच्या वृत्तनिवेदकाचे सोंग घेऊन कोल्बेअर त्याच मताची टर उडवत असे. हसत दोन्ही बाजूंचे लोक होते. पण परंपरावादी प्रेक्षकांपैकी अनेकांना वाटत होते की तो वरवर थट्टा करतो आणि आतून बोलतो ते त्याचे खरे मत आहे.

ही मांडणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पटली. मग पैठण आठवले.

पैठण माझ्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात तिथे एकनाथांनी भारुडे रचली. जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, विंचू चावलेला माणूस, सासरला कावलेली बाई. एकेका पात्राचे सोंग घेऊन थोड्या वेळात करायचा तो खेळ आहे. आजच्या भाषेत त्याला स्किट म्हणायला माझी काही हरकत नाही. बोललेले एक, अर्थ दुसरा. विंचू हा विंचू नसतो आणि सासू ही सासू नसते. ही दुहेरी गाठ सोडवत हसणारा प्रेक्षक चारशे वर्षांहून जास्त काळ कोण होता? वारकरी, शेतकरी, व्रतवैकल्ये करणाऱ्या बाया. यंगबाईंच्या व्याख्येने ज्यांना संदिग्धता सोसवू नये, नेमके तेच लोक. संदिग्धता आमच्या माणसाला चांगली सोसते. अट एवढीच की गाठ शेवटी कुणीतरी सोडवून दिली पाहिजे, आणि ती सोडवणारा घरातला माणूस असला पाहिजे. भारुडात ते काम शेवटच्या कडव्यात नाथ स्वतः करतात.

तमाशातही असेच दिसते. आधी गण होतो, गणपतीला वंदन होते. मग गवळण येते, तीत मावशी आणि पेंद्या साक्षात कृष्णाशी वाटेल ते बोलतात. पुढे बतावणीत आणि वगात सोंगाड्या राजाची अब्रू काढतो. गण आधी झालेला असतो म्हणून पुढचे सगळे चालते. ज्याला आपण बंडखोरी म्हणतो तिला उंबरठ्यावर आधी हळदीकुंकू लावलेले असते.

हा साचा राजकीयदृष्ट्या कुणाच्याही मालकीचा नाही, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी तो कम्युनिस्ट चळवळीसाठी वापरला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी तो समाजवादी विचारासाठी वापरला. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे सगळे त्या वाटेने आलेले. दादांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले. वसंत सबनीसांच्या त्या संहितेतली टिंगल तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांची होती, म्हणून समाजवादीही हसले आणि जनसंघीही. पुढे १९७१ साली ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा शिवसेना मदतीला धावली, आणि सेवा दलाचा हा कलाकार हळूहळू दुसऱ्याच मांडवात जाऊन बसला. दादांचा विनोद त्यासाठी फारसा बदलावा लागला नाही. मला ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे तिच्यावर कुणी लिहीत नाही, कारण द्व्यर्थी म्हणून दादांना एकदा बाजूला ठेवले की काम संपते. वास्तविक द्व्यर्थी विनोद हा मर्यादा मानणाऱ्याचाच विनोद आहे. ज्याला उघड बोलायची सोय आहे त्याला दोन अर्थांची गरजच काय?

टीव्ही आला आणि या साच्यातला एक भाग गळून पडला. तंबूत पुरुष एकटे जात; टीव्हीपुढे सासू, सून, आजोबा आणि चौथीतला मुलगा एका चटईवर बसतात. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्यावरच्या ‘गजरा’तली छोटी प्रहसने मुंबई-पुण्याच्या नाट्यवेड्या मध्यमवर्गाची होती, ती नीटनेटकी आणि शब्दखेळाची असत. खासगी वाहिन्यांच्या काळात ‘फू बाई फू’पासून बोली आत शिरल्या. आणि ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले, ते मार्च २०२४ पर्यंत चालले.

या कार्यक्रमाने आधी एक गाव वसवले, थुकरटवाडी. हे नाव स्वतःलाच हिणवणारे आहे. शहरी समीक्षक गावाला जे म्हणेल ते गावाने आधीच स्वतःच्या पाटीवर लिहून टाकले. माझ्या मते या कार्यक्रमाच्या यशाचे अर्धे गमक या पाटीत आहे. परंपरानिष्ठ प्रेक्षकाचे खरे दुखणे देवाधर्माची थट्टा हे क्वचितच असते. आपल्याला अडाणी समजले जाते, हे त्याचे दुखणे असते. थुकरटवाडीत त्याला अडाणी समजणारा कुणी नाही, कारण तिथे सगळेच तसे आहेत, आणि मुंबईचे नट-नट्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तिथे येतात तेव्हा त्यांनाच गावाचे नियम पाळावे लागतात. भारत गणेशपुरे वऱ्हाडी लहेजात पाहुण्याची फिरकी घेतात आणि पाहुणा हसून मान डोलावतो. चित्रपटाचे विडंबन त्या चित्रपटाच्या नायकासमोरच केले जाते. ज्याची थट्टा त्याचीच संमती, आणि ती कॅमेऱ्यावर दिसणारी. ‘हास्यजत्रे’तही सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांच्या खुर्च्यांचे काम गुण देण्यापेक्षा हसून दाखवण्याचे जास्त आहे. मोठ्यांच्या पंगतीतल्या कुणीतरी पहिला घास घेतला की बाकीचे जेवायला लागतात.

अमेरिकेत याला समांतर उदाहरण आहे, पण आपले अभ्यासक नेहमी चुकीचे उदाहरण घेतात. २००७ साली फॉक्स न्यूजने ‘द हाफ आवर न्यूज आवर’ नावाचा उजव्या बाजूचा उपहास-कार्यक्रम काढला. तो वर्षभरही टिकला नाही. त्यावरून निष्कर्ष निघतो की पाहा, उजव्यांना विनोद जमत नाही. मला त्याहून ‘ही हॉ’ जवळचे वाटते. मक्याच्या शेतात उभे राहून विनोद सांगणारी खेडवळ माणसे आणि मधूनमधून कंट्री संगीत. १९६९ ला सीबीएसवर सुरू झाले, दोनच वर्षांत शहरी, तरुण प्रेक्षकाच्या मागे लागलेल्या वाहिनीने ते बंद केले, आणि त्यानंतर ते स्थानिक केंद्रांना विकले जाऊन वीस वर्षे चालले. त्यात पक्षाचे नावही नसे. राजकारण होते ते कुणाच्या अंगणात बसून हसायचे, एवढेच.

थुकरटवाडीने मात्र ‘ही हॉ’मध्ये नसलेली एक गोष्ट केली, आणि ती थेट भारुडाकडून आलेली आहे, मग लिहिणाऱ्यांच्या ते लक्षात असो वा नसो. कार्यक्रमाच्या अखेरीस पोस्टमन येत असे. सागर कारंडे ते काम करत आणि पत्रे अरविंद जगताप लिहीत. दुष्काळ, शेतकरी, म्हातारे आईबाप, सीमेवरचा जवान असे विषय असत. मघाशी साडी नेसून नाचणारा नट आता पत्र वाचतो आहे आणि समोर बसलेले पाहुणे डोळे पुसत आहेत. समीक्षकांनी याला भावनिक ब्लॅकमेल म्हटले. मला ते शेवटचे कडवे वाटते. तासभर जे हसू उसने घेतले ते इथे फेडले जाते. मामांसारखा प्रेक्षक नुसता हसून उठला तर त्याला चुकल्यासारखे वाटते. अशा प्रेक्षकाला विनोदाचा हिशेब मिटलेला लागतो.

पण याच पत्राजवळ मला पहिली अडचण येते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळातले जे भाग मला आठवतात त्यांत दुष्काळ पत्रात होता, स्किटमध्ये नव्हता. टँकरवाला, छावणीतला चारा, पंचनामा करायला आलेला अधिकारी, पुढाऱ्याचा पाहणी दौरा, यापेक्षा प्रहसनाला चांगला माल कुठे मिळणार? शंकर पाटलांनी तो सोडला नसता. पत्रात दुष्काळाला रडता येते, पण रडताना कुणाचे नाव घ्यावे लागत नाही. विनोदाला नाव घ्यावे लागते, निदान पद तरी. हसू आणि कळवळा यांची अशी वाटणी केली की हसण्यासारख्या गोष्टी घरात राहतात, गावकीतल्या गोष्टींसाठी फक्त अश्रू उरतात. मला यात सोय दिसते, आणि ही सोय प्रेक्षकाने मागितली होती असे मला वाटत नाही. वाहिनीने ती प्रेक्षकाच्या नावावर घेतली.

कारण हाच प्रेक्षक राजकीय विनोदाला हसतो, चांगला पोट धरून हसतो. फक्त तो टीव्हीवर नाही, सभेत हसतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत प्रभावी परंपरावादी पक्षाचा जन्मच एका व्यंगचित्रकाराच्या हातून झाला. ‘मार्मिक’ १९६० चे, शिवसेना १९६६ ची. आमच्या शहरात सेनेची शाखा १९८५ साली गुलमंडीवर उघडली आणि तीन वर्षांनी महापालिकेची निवडणूक तिने गाजवली. त्या काळातल्या सभा मी विद्यार्थी म्हणून ऐकल्या आहेत. त्यातला अर्धा वेळ नकलांचा असे. १९९६ साली पु. ल. देशपांड्यांनी महाराष्ट्र भूषण स्वीकारताना राज्यकर्त्यांना चार शब्द सुनावले, तेव्हा बाळासाहेबांकडून आलेला प्रहारही पुलंच्या नावावरच्या कोटीचा होता. एका विनोदकाराला दुसऱ्याने दिलेले ते उत्तर होते. ते कडवट होते हे मान्य, पण विनोदाची जाण नसल्याचे ते लक्षण नव्हे.

सभेतल्या नकलेची एक मजा २०१९ ला दिसली. लोकसभेला एकही उमेदवार उभा न करता राज ठाकरे राज्यभर फिरले. पडद्यावर जुन्या भाषणांच्या फिती दाखवायच्या, मध्येच थांबवायच्या, नक्कल करायची. मैदाने भरली, लोक खदखदून हसले, आणि निकालात भाजप-सेना युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. हसले ते आणि मत दिले ते वेगळे होते, असे म्हणून सुटता येईल. माझा अनुभव तसा नाही. माझ्या ओळखीची कितीतरी माणसे हसली आणि त्यांनी नेहमीच्याच चिन्हाचे बटण दाबले. विनोद मत बदलतो ही उदारमतवाद्यांची श्रद्धा आहे, आणि विनोद मत बदलील ही राज्यकर्त्यांची भीती आहे. दोघेही त्याला फार मान देतात.

कीर्तनाच्या मांडवातही हाच प्रेक्षक हसतो. इंदुरीकर महाराजांच्या कीर्तनांचे यश विनोदाचे आहे. सुना, मोबाईल, जीन्स, लग्नातला खर्च यांवर ते बोलतात. २०२० साली अपत्यजन्माविषयीच्या त्यांच्या एका विधानावरून वाद झाला आणि प्रकरण कोर्टात, पुढे इथल्या खंडपीठापर्यंत आले. तो वाद चालू असतानाही मांडव भरलेलेच होते. टीव्हीवरच्या स्किटमधून जी सासू-सून हद्दपार झाली नाही, तिची कारणे शोधायला या मांडवात बसावे लागेल.

आता मामांच्या रेषेकडे येतो. मार्च २०२० मध्ये ‘चला हवा येऊ द्या’त राजर्षी शाहू महाराजांच्या छायाचित्रात फेरफार करून ते वापरल्यावरून गदारोळ झाला आणि निलेश साबळे यांना माफी मागावी लागली. पुढच्याच वर्षी नारायण राणे यांच्यावर बेतलेल्या पात्रावरून त्यांचे समर्थक भडकले. तेव्हाही साबळे यांनी राणे यांना भेटून दिलगिरी व्यक्त केली. दुसरे प्रकरण समजायला सोपे आहे, तो दांडगाईचा प्रश्न आहे. पहिल्याने मला बराच काळ अडवले. शाहू महाराज हे परंपरावाद्यांचे दैवत नव्हेत. आरक्षण देणारा, वेदोक्ताच्या प्रकरणात उभा राहिलेला तो राजा आहे, आणि संतापलेल्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणारे भरपूर होते. म्हणजे निबंधाच्या सुरुवातीला ज्या प्रेक्षकाला मी ‘राजकीयदृष्ट्या परंपरानिष्ठ’ म्हणायला निघालो होतो, तो एका बाजूचा नाहीच. प्रतिमेला हात लागला की माळ ओढल्यासारखे वाटणे हे पक्षाच्या पलीकडचे आहे. मग परंपरानिष्ठ हे मताचे नाव धरावे की पाहण्याच्या रीतीचे? मी सध्या दुसऱ्याकडे झुकलो आहे. माणसाच्या वागण्याची थट्टा चालते, त्याच्या आदराच्या वस्तूची नाही. मामांपासून कोल्हापूरच्या पुरोगाम्यापर्यंत हा नियम एकच आहे. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरांच्या गाण्यावरून मुंबईत खारचा स्टुडिओ फोडला गेला. तिथे या नियमाचा संबंध नव्हता, कारण फोडणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो पूर्ण कार्यक्रम पाहिला असेल याची मला शंका आहे. दुखावलेला प्रेक्षक रिमोट उचलतो, दगड उचलणारा बहुधा प्रेक्षक नसतोच.

नियम कळला म्हणून तो मान्य केला पाहिजे असे नाही. माझी खरी तक्रार थट्टेबद्दल नाही, गैरहजेरीबद्दल आहे. मराठी स्किटमध्ये वऱ्हाडीला जागा आहे, मालवणीला आहे, आगरीला अरुण कदमांमुळे मोठी जागा आहे, पुणेरी तर पाचवीलाच पुजलेली. फिल्टरपाड्याला गौरव मोरे यांनी जागा मिळवून दिली, आणि एका वस्तीचे नाव घराघरात अभिमानाने घेतले जाऊ लागले, ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या मराठवाडीला मकरंद अनासपुरेंनी सिनेमात आवाज दिला. त्याआधी याच शहरातल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकट्याने बावन्न पात्रे उभी केली. ते पाहून हसलेले लोक परंपरानिष्ठच होते, आणि नाटकातले वऱ्हाडही. पण देशपांडे त्यांना स्वतःवर हसवत. गावातल्या मोठ्यांचा पोकळ मान, मानपानाची भांडणे, पैशाची मिजास यांतले काही सोडत नसत. २००९ मध्ये ते गेले. टीव्हीवर त्यांची बोली थोडीफार उतरली, त्यांचे धाडस तितके उतरले नाही.

आणि या शहराची जी दुसरी बोली आहे, तिचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार शहरात सुमारे ३० टक्के लोक मुस्लिम आहेत. त्यांची दखनी आणि आमची मराठी शेकडो वर्षे एकमेकींच्या तोंडचा घास पळवत आली आहे. शहराचे नाव काय असावे यावर आम्ही चाळीस वर्षे भांडलो. मी स्वतः आता पत्त्यात छत्रपती संभाजीनगर लिहितो आणि बोलताना तोंडात जुनेच येते. या भांडणातही विनोद होता, आहे. पण थुकरटवाडीत असा शेजारी राहत नाही. तो आला तर बहुधा खाटीक, पानवाला किंवा शायर म्हणून येतो, सणाच्या भागात मिठी मारून जातो. त्याला दुखावायचे नाही म्हणून वाहिनी त्याला बोलावत नाही, आणि दुसऱ्यांनाही दुखावायचे नाही म्हणून बोलावत नाही. जातीचेही तेच. गावात सरपंच आहे, पोस्टमन आहे, डॉक्टर आहे. आडनावे मात्र धूसर आहेत. एकनाथांच्या भारुडात असे नव्हते. तिथे जात नाव घेऊन येते आणि ब्राह्मणाला चार गोष्टी सुनावून जाते, तेही पैठणसारख्या शास्त्री-पंडितांच्या गावात, सोळाव्या शतकात.

सिटी चौकाजवळच्या एका हॉटेलात मी गेली काही वर्षे संध्याकाळी चहा घेतो. तिथे एक जुना रिक्षावाला आणि एक निवृत्त तलाठी रोज समोरासमोर बसतात. तलाठी दखनीत बोलतात आणि रिक्षावाले चाचा खास गंगथडीच्या मराठीत, तलाठ्यांच्याच आवाजात, सातबाऱ्यावर सही करायला ते किती वेळ लावत त्याची नक्कल करतात. नक्कल रोज तीच असते. त्यात शेवटी वजन ठेवण्याचा अभिनय येतो, तेव्हा गल्ल्यावरचा मालकही मान वर करतो. कोपऱ्यात टीव्ही चालू असतो, त्याचा आवाज बंद केलेला असतो.